नवरीच्या रडण्याला उत्तर

विद्यापीठातल्या लोकांना विचाराल तर ते सांगतील की डॉक्टर फ्लोरेन्स लुई म्हणजे चिनी संगीताच्या अभ्यासातलं मोठं नाव. कोणती माणसं काय गातात, का गातात आणि गाताना स्वतःला कोण समजतात, हे तिने जन्मभर शोधलं. आम्हाला इथे व्हँकूवरच्या चिनी वस्तीत, पेंडर रस्त्यावर कुणी असं सांगितलं की आम्ही मान डोलवतो आणि चहा ओततो. आमच्या लेखी ती फ्लोरेन्स नाही आणि डॉक्टरही नाही. ती युकलिन मावशीची स्वेफाँग. आमच्या पडद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर लहानाची मोठी झाली, माझ्याबरोबर शाळेत गेली, आणि बिनलग्नाची राहिली ती राहिलीच.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, मावशीचं आहे. ती ते कुणालाही ऐकवायची. मासेवाल्याला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला, एकदा तर दाढ काढून घेताना दाताच्या डॉक्टरला.

लहानपणी रविवारी दुपारी तिचे वडील, लुई काका, स्वेफाँगला आमच्या संगीत मंडळात घेऊन यायचे. काका दूर लाकूडतोडीच्या छावणीत स्वयंपाकी होते. सुट्टीला आले की जिना चढून थेट मंडळात. मी तिथेच तारांवर बांबूच्या काड्या मारायला शिकले आणि अजून मारते. ऐकणारे म्हणतात, यिंग, तू पडदे फार छान शिवतेस. स्वेफाँगला कुणी कितीही आग्रह केला तरी ती तोंड उघडायची नाही. टेबलाखाली बसून ऐकायची. एकदा बासरीवाल्या काकांनी वाकून विचारलं, "काय गं, दातखीळ बसली का?"

"मी ऐकतेय ना," ती म्हणाली. "सगळेच गायले तर ऐकणार कोण?"

सगळे पोट धरून हसले. पोरगी एवढीशी, पण पुढे तिने तेच केलं.

आमच्या आया ज्या गावांतून आल्या, दक्षिण चीनमधल्या, तिथे लग्न ठरलेली मुलगी माळ्यावर बसून रडत गायची. नुसतं भोकाड पसरणं नव्हे. त्याला चाल असायची, शब्द असायचे, आणि ते शब्द जिचे तिने जुळवायचे. लग्न जुळवणारीला शिव्या, भावाला टोमणे, आईबापांना जाब. जी रडत नाही तिला गाव मुकी म्हणायचं आणि तिच्या आईला नावं ठेवायचं. पण नवरी नसताना ते रडणं घरात काढायचं नाही, काढलं तर घरावर काहीतरी ओढवतं. आताच्या नवऱ्या रडल्या तर दोन तास खपून केलेला मेकअप जातो, म्हणून त्या हसतात. गाणी म्हाताऱ्यांबरोबर चालली होती आणि स्वेफाँग त्यांच्या मागे धावत होती.

गावोगाव हिंडली. तिची एक पद्धत होती. बुटक्या स्टुलावर बसायचं, ध्वनिमुद्रणाचं यंत्र मांडीवर ठेवायचं, त्याला गावाचं नाव आणि तारीख सांगायची आणि मग गप्प. हुंकार नाही, वा नाही, मान हलवणंसुद्धा नाही. ऐकणाऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही, असं ती आपल्या विद्यार्थ्यांना बजावायची. अशी कितीतरी गावं तिने गोळा केली. एकच राहिलं, तिच्या स्वतःच्या आईचं. आणि ते गाणारी बाई आमच्या दुकानाच्या वर मोहरीची पानं निवडत बसलेली.

"आई, एकदाच," स्वेफाँग म्हणायची. "दार लावून घेऊ हवं तर."

"नवरी कुठंय?"

"नवरी नाही. अभ्यासासाठी हवंय."

"अभ्यासासाठी रडू? घरात ना लग्न, ना मयत, आणि मी आपली गळा काढून बसू? खालची यिंग पोलीस बोलावेल."

"नाही बोलावणार," मी म्हणायचे. मी बहुतेक वेळा तिथेच असायचे, कारण मावशीच्या हातची डुकराच्या मांसाची शेंगदाणे घातलेली पेज कुणी सोडत नसे.

"तू गप. आणि तू," मावशी मुलीकडे वळायची, "तू लग्न कर. तीन दिवस रडते मी. यंत्र लाव, दोन यंत्रं लाव. लोकांच्या पोरींच्या रडण्यावर पोट भरतेस आणि सख्ख्या आईला रडायची संधी देत नाहीस!"

एकदा संधी येता येता राहिली. कॅनडाच्या मधल्या गवताळ मैदानांकडचा, प्रेअरीतला, एक उंच, लाजाळू प्राध्यापक होता. मातीचा अभ्यास करायचा. तो मावशीकडे जेवायला आला, वाढलेलं सगळं मुकाट्याने खाल्लं, माशाचं डोकंसुद्धा. दुसऱ्या दिवशी मावशी दुकानात आली आणि लाल रेशमी कापड मोजून घेऊन गेली. पण स्वेफाँग वर्षभरासाठी गावांकडे निघाली होती. तो थांबला, मग थांबायचा थांबला. "जाऊ दे," मावशी म्हणाली, "भात काट्याने खात होता." कापड मात्र तिने परत केलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते तिच्या कपाटाला पडदा म्हणून लटकत होतं, आणि मी वर गेले की मला त्याच्याकडे बघवत नसे.

स्वेफाँग एकटी होती, हे सांगायला कुणी अभ्यासक नको. परदेशात जन्मलेल्यांना आमच्यात पोकळ बांबू म्हणतात. दोन्ही टोकांना गाठी, पाणी इकडूनही जात नाही आणि तिकडूनही नाही. गावातल्या बायका तिला तोंडावर तसं म्हणायच्या, प्रेमाने म्हणायच्या, पण म्हणायच्याच. इकडे विद्यापीठात नव्या वर्षाच्या जेवणाला कोणतं हॉटेल चांगलं हे सगळे तिलाच विचारायचे. ती सांगायची, आणि त्या जेवणाला तिला बोलवायचं लोक विसरायचे. संध्याकाळी स्वतःच्या वेगळ्या घरी यायची, एकच वाटी काढायची, रेडिओ लावायची. रेडिओसुद्धा ती ऐकायचीच, त्याच्याबरोबर गुणगुणायची नाही.

एकदा आम्ही दुकानात संत्री सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "यिंग, मी लोकांना विचारत फिरते की गाताना तुम्ही कोण असता. मला कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"मग गा ना बाई," मी म्हटलं. "अडवलंय कुणी?"

ती हसली आणि माझ्या वाटणीचं संत्रं खाऊन गेली.

मग ती आईच्या गावी गेली. आईकडून मिळत नाही तर आईच्या मैत्रिणीकडून मिळेल, असा तिचा हिशेब. पूर्वी गावातल्या लग्नाच्या वयाच्या मुली रात्री एका घरात एकत्र झोपायच्या, गाणी तिथेच शिकायच्या. त्या घरात युकलिन मावशीच्या शेजारी जिची चटई असायची ती गमलान अजून तिथेच होती, कोंबड्या पाळत. युकलिनची मुलगी आली म्हटल्यावर तिने हिला उराशी धरलं, अंडी उकडून घातली आणि विचारलं, "लग्न ठरलं का गं?"

आणि स्वेफाँग, जिने जन्मात कधी खोटी नोंद केली नाही, ती म्हणाली, "ठरतंय."

मग काय! गमलानने डोक्यावरून पंचा घेतला, हिचा हात हातात घेतला आणि आईच्या जागी बसून पहिली ओळ काढली. एकच ओळ. मग थांबली.

स्वेफाँगही थांबली. मांडीवर यंत्र चालू. बाकीच्या गावांत एकच बाई सगळं गाऊन टाकायची. या गावात तसं नव्हतं. आईने एक ओळ म्हणायची, नवरीने तिला उत्तर द्यायचं, उत्तर आलं तरच आईची पुढची ओळ निघायची. स्वेफाँगने मला नंतर सांगितलं की हे तिच्या लगेच लक्षात आलं होतं. उत्तरात साधारण काय असतं हेही तिला पाठ होतं, शंभर ठिकाणी ऐकलेलं. पण तोंड उघडेना. इतकी वर्षं जे तोंड मिटून ठेवायला शिकवलं, ते ऐन वेळी ऐकेना.

गमलानने बराच वेळ वाट पाहिली. मग पंचा काढला. "मुकी आहेस?" तिने विचारलं, आणि उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. पुन्हा काही गायली नाही.

स्वेफाँगचं विमान उतरायच्या आधी गमलानचा फोन मावशीला पोचला होता. मावशी माझ्या दुकानात येऊन खुर्चीत धपकन बसली. "माझी मुलगी मुकी! गमलान म्हणते, तुझ्या पोरीला रडता येत नाही. माझ्या लग्नात मी इतकी रडले की तिसऱ्या गल्लीतली माणसं हातातला घास ठेवून आली. आणि नवरा म्हणून समोर कोण, तर कोंबडा!"

हसू नका. आमच्याकडे नवरा परदेशी असला की बोहल्यावर त्याच्या जागी कोंबडा उभा करायचे. लुई काका तेव्हा इथे छावणीत कांदे चिरत होते. मावशी नेहमी म्हणायची की दोघांत कोंबडाच जास्त बोलका होता. त्या दिवशी मात्र ती विनोद करत नव्हती. त्यानंतर तिने तो विषय घरात काढू दिला नाही.

ते ध्वनिमुद्रण स्वेफाँगने मला एकदा ऐकवलं. म्हातारीची एक ओळ, आणि मग शांतता. खूप वेळ शांतता, लांबवर कोंबड्या. मी म्हटलं, "बंद कर." तिने बंद केलं. पण मला पक्कं ठाऊक आहे की ती ते एकटी असताना लावत असणार. मला तिचा राग आला आणि दयाही आली, आणि या दोन्ही गोष्टी तिला सांगून काही उपयोग नव्हता.

ती निवृत्त झाली तोवर मावशी आमच्या लोकांच्या वृद्धाश्रमात राहायला गेली होती. तिथे सकाळी पेज मिळते आणि बाया आमची भाषा बोलतात. मावशीचं चित्त जाग्यावर राहत नव्हतं. काका छावणीतून आले का, असं विचारायची. ते जाऊन किती वर्षं झाली! मुलीला ओळखायची, पण वय विसरायची. "शाळा सुटली का?" म्हणायची. स्वेफाँग रोज दुपारी जायची. खांद्याला ती जुनी पिशवी, पिशवीत यंत्र, सवयीने.

"अजून आशा आहे तुला गाण्याची?" मी एकदा खोचकपणे विचारलं.

"गाणं नकोय गं आता," ती म्हणाली. "तिने मला मुकी समजून जाऊ नये, एवढंच."

मी पडद्याची दुमड शिवत राहिले.

वसंतात माझ्या नातीचं लग्न ठरलं. लग्नाआधी नवरीकडच्यांनी ओळखीपाळखीच्या घरी लग्नाचे केक वाटायचे असतात, कमळबियांच्या सारणाचे, लाल डब्यात. वृद्धाश्रमातही डबे घेऊन गेले. मावशीच्या खोलीत शिरले तेव्हा स्वेफाँग पलंगाजवळ बसून आईची नखं कापत होती. मी डबा मावशीच्या मांडीवर ठेवला.

मावशीने लाल कागदावरून हात फिरवला. डब्यावरची सोनेरी अक्षरं पाहिली. मग मुलीकडे पाहिलं. चेहरा असा उजळला की मी तिला तशी कधीच पाहिली नव्हती.

"ठरलं?" ती म्हणाली. "आणि मला आत्ता सांगतेस?"

"आई, ते यिंगच्या नातीचं..." स्वेफाँगने सुरुवात केली. मी डोळे वटारले. का वटारले मलाही ठाऊक नाही. पण तिला आवरायला मला वेळही मिळाला नाही, कारण मावशीने उशाचा टॉवेल ओढून डोक्यावरून घेतला होता आणि मुलीचा हात धरला होता. नेलकटर खाली पडलं. आणि टॉवेलच्या आतून, नव्वदीच्या बाईचा वाटणार नाही असा आवाज आला:

"केळीच्या बागेत पान हललं गं लेकी, दारी पालखी आली. तुझ्या वाटचा भात मी आज कुणाला वाढू?"

आणि ती थांबली.

स्वेफाँगचा मोकळा हात पिशवीकडे गेला. मी पाहिलं. तो हात आपल्या आपण जात होता, इतकी वर्षं तिकडेच जायचा तसा. पिशवीच्या चेनपर्यंत पोचला. मावशी टॉवेलखाली वाट पाहत होती. बाहेर गाड्यावरून जेवणाची भांडी वाजत गेली. मी मनातल्या मनात ओरडत होते, अगं बोल, काहीही बोल, बेसूर बोल! मावशीची मान हळूहळू खाली जायला लागली.

स्वेफाँगचा हात चेनवरून निघाला. तिने तोंड उघडलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. मग आवाज आला, गंजलेला, फुटका:

"पालखी परत पाठव, आई. मूठभर भात खाल्ला तुझा, तेवढ्यासाठी मला दाराबाहेर काढतेस?"

"मोठ्याने!" टॉवेलमधून दटावणी आली. "तिसऱ्या गल्लीत ऐकू जायला पाहिजे!" आणि लगेच दुसरी ओळ: "काढत नाही गं लेकी, वाट तुझ्या नावाची. धान्य कोठीत किती ठेवू, कुबट वास येतो."

मग स्वेफाँग गायली. सुरुवातीचं सगळं ऐकीव होतं, गावोगावच्या मुलींचं. मावशी तिला अडवायची, खेचायची, पुढे ढकलायची. आणि मग कुठल्याच गावचं नसलेलं आलं:

"गावोगावच्या लेकी रडल्या, आई, मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले. माझ्या उंबऱ्यावर कोण बसलं? दिवा मी लावते, दिवा मी विझवते, वाटी एकच मांडते."

टॉवेल थरथरायला लागला. मावशी रडत होती, खरोखरीची. स्वेफाँग तर केव्हाची रडत होती, नाक गळत होतं, तिला पर्वा नव्हती. दार उघडून एक फिलिपिनो परिचारिका धावत आली. "काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही," मी म्हटलं. "लग्न आहे."

"कुणाचं?"

"हिचं."

तिने स्वेफाँगचे पांढरे केस पाहिले, अभिनंदन म्हणाली, एक केक उचलला आणि दार ओढून घेतलं. शहाणी बाई.

सगळं संपल्यावर मावशीने टॉवेलने आधी मुलीचं नाक पुसलं, मग आपलं. "ऊठ आता," ती म्हणाली. "मागे वळून बघायचं नाही. बघितलंस तर नांदणं होत नाही, परत यावं लागतं."

स्वेफाँग उठली आणि चालायला लागली. पिशवी विसरली, ती मी घेतली. ती खरंच वळली नाही. मी वळले. मावशी पलंगावर ताठ बसून दाराकडे बघत होती, लाल डबा पोटाशी धरून.

लिफ्टपाशी स्वेफाँगने विचारलं, "बघत होती का?"

"हो. अजून बघत असेल."

ती भिंतीला टेकली. "नवरी तर निघाली, यिंग. आता जाऊ कुठे?"

मी तिला माझ्याकडे घेऊन गेले, जेवू घातलं. पण रात्री ती आपल्या घरीच गेली. यंत्र सुरू केलं नव्हतं, हे तिने एकदाही बोलून दाखवलं नाही.

आमच्याकडे लग्न झालेली मुलगी तिसऱ्या दिवशी माहेरी येते, भाजलेलं डुक्कर घेऊन. मी चेष्टेने आठवण करून दिली, तर ती खरंच कुरकुरीत कातडीचं मांस बांधून घेऊन आली. केस विंचरलेले, अंगात लालसर स्वेटर. इतकी खुशीत मी तिला क्वचित पाहिलं असेल. मीही तिच्याबरोबर गेले.

मावशी खिडकीपाशी खुर्चीत होती. तिने स्वेफाँगकडे पाहिलं आणि परक्या बाईला करतात तशी अदबीने मान लववली. "या, बसा. कुणाला भेटायला आलात?"

स्वेफाँगने पिशवी दाराशी ठेवली. "तुम्हालाच," ती म्हणाली.

"बरं केलंत. मुलगी असती तर चहा केला असता. पण ती लग्न होऊन गेली परवाच. लांब दिलीय." मावशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचं झालं का लग्न?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणावर रागवावं ते कळेना. "मावशी, अहो, नीट बघा, हीच तर..."

स्वेफाँगने माझ्या हातावर हात ठेवला. तिने मांसाचं पुडकं उघडून आईच्या पुढ्यात ठेवलं. आईने एक तुकडा घेतला, कातडी कुडुम वाजली, आई खूश झाली.

"काय रडली म्हणून सांगू माझी पोर!" मावशी घास चावत म्हणाली. "लोक तिला मुकी म्हणायचे. मीसुद्धा म्हणायचे. तिसऱ्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं."

कोपऱ्यात पाय ठेवायचं बुटकं स्टूल होतं. स्वेफाँगने ते पुढे ओढलं आणि आईसमोर बसली, जशी ती सगळ्या म्हाताऱ्यांसमोर बसत आली होती, पाठ सरळ, हात गुडघ्यांवर. पिशवी दाराशी तशीच होती.

"काय गायली ती, मावशी?" तिने विचारलं. "सांगा ना, मी ऐकतेय."

आणि मावशी पहिल्या ओळीपासून सांगायला लागली.